इंग्रजी शिकावीशी का वाटते?

श्रोतेहो, सकाळी सातच्या सुमारास बोईसर स्टेशनच्या पुलावर पाच मिनिटे उभे राहा आणि फक्त कान देऊन ऐका. एक मराठी घोळका जातो, मागून गुजराती येतो. कारखान्याकडे निघालेले कामगार हिंदी बोलतात, आपसांत भोजपुरी किंवा ओडिया. किनाऱ्याकडून टोपल्या घेऊन आलेल्या बाया मांगेली बोलीत भांडतात. पूर्वेकडच्या पाड्यांवरून आलेली माणसे वारली बोलतात, तीही हलक्या आवाजात. ह्या सर्वांची मुले शाळेला निघालेली असतात. दप्तरे निराळी, गणवेश निराळे, घरची भाषा तर फारच निराळी. पण प्रत्येक दप्तरात एक पुस्तक इंग्रजीचे असतेच असते.

ही मुले इंग्रजी कशासाठी शिकतात? विशेषतः ज्यांची संख्या थोडी, किंवा ज्यांची भाषा कचेरीत चालत नाही, अशा समाजांतील मुलांना इंग्रजी शिकावीशी का वाटते? आम्हा शिक्षकांजवळ ह्याचे उत्तर तयार असते. पोटासाठी, आणखी कशासाठी! उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे, हे मला फार उशिरा कळले आणि कळण्यापूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. ती पुढे सांगतो. मी इतिहासाचा शिक्षक, तेव्हा आधी थोडे मागे जाऊ.

तारापूरपासूनच सुरुवात करू. आज तारापूर म्हटले की अणुवीज आठवते. दोनशे वर्षांपूर्वी तारापूर म्हटले की पारशी पेढी आठवे. तारापूरचे विकाजी मेहरजी हे उत्तर कोकणातील जकातीचे मोठे मक्तेदार. त्यांची आणि त्यांच्या बंधूंची पेढी पुढे हैदराबादेस गेली आणि निजामाला कर्ज देण्याइतकी मोठी झाली. ही माणसे घरी गुजराती बोलत, दरबारी कामापुरती फारसी सांभाळत. मग निजामाकडचे येणे बुडू लागले. दाद मागायची कोणाकडे? तर कंपनी सरकारकडे. तेथे गुजरातीचा किंवा फारसीचा काय उपयोग? अर्ज करायचे ते इंग्रजीत! लाखोंचा धनी असलेल्या सावकारालाही आपले गाऱ्हाणे परक्या भाषेत मांडावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

पारशी समाज इंग्रजीकडे लवकर वळला ह्याचे श्रेय नेहमी व्यापाराला देतात, आणि ते बरोबरच आहे. सुरतेहून मुंबईला आलेले जहाजबांधणीचे कारागीर, दलाल, पेढीवाले ह्यांचा रोजचा व्यवहार गोऱ्या साहेबाशी. पण एवढेच असते तर कामापुरती मोडकीतोडकी इंग्रजी पुरली असती. दादाभाई नौरोजी गरीब घरातले, मुंबईत फी नसलेल्या शाळेत शिकले, आणि एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे अध्यापक झाले. १८९२ साली तेच दादाभाई विलायतेच्या पार्लमेंटात निवडून गेले. हिंदुस्थानचा पैसा कसा वाहून जातो ह्याचे गणित त्यांनी इंग्रजांना इंग्रजीत मांडून दाखवले. जी भाषा दलालीसाठी घरात आली, ती दोन पिढ्यांत जाब विचारण्याच्या कामी आली.

मात्र त्या काळी सगळे शहाणे इंग्रजीच्याच बाजूला होते असे समजू नका. १८४७ साली मुंबईच्या शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी ह्यांचे म्हणणे, वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. त्याला विरोध केला आपल्या मुरबाडकडचे मूळ असलेल्या जगन्नाथ शंकरशेटांनी. आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले कोण? फ्रामजी कावसजी हे पारशी आणि महंमद इब्राहिम मुकबा हे कोकणी मुसलमान. तिघे तीन धर्मांचे. सामान्य माणसाला ज्ञान त्याच्याच भाषेतून मिळाले पाहिजे, असे तिघांचेही म्हणणे. इंग्रजीचा फायदा सर्वांत आधी ज्यांना कळला त्यांतलाच एक पुरुष देशी भाषेच्या बाजूने बोलतो, हे मला फार मोलाचे वाटते.

आता थोडे दक्षिणेला, वसईकडे येऊ. हा भागही २०१४ च्या १ ऑगस्टपासून आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. ख्रिस्ती झालेली गावे मात्र राहिली. शेती, मासेमारी, केळीच्या बागा, घरात मराठीच्याच बोली. पुढे मुंबईत इंग्रजांच्या कचेऱ्या आणि रेल्वे वाढली. त्या नोकऱ्यांसाठी गोव्याचेही ख्रिस्ती लोक येऊ लागले. त्यांनाही ‘पोर्तुगीज’ म्हणत आणि मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती लोकांनाही ‘पोर्तुगीज’च म्हणत. आपण कंपनीच्या राज्याची जुनी प्रजा, आपली ओळख निराळी, असे दाखवण्यासाठी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबईतल्या ह्या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नावच इंग्रजी! इथे इंग्रजीची ओढ केवळ पगाराची नाही. मी कोण, हे दुसऱ्याला त्याला समजेल अशा शब्दात सांगण्याची ती धडपड आहे.

पण त्याच धर्माचे, त्याच प्रांतातले वसईचे सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती पुष्कळ काळ मराठीलाच धरून राहिले. शेत गावात, बाजार गावात, तर भाषा बदलायची निकड काय? १९५५ पासून त्यांचे ‘सुवार्ता’ हे मासिक मराठीत निघते, आणि त्याचे बरीच वर्षे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्म एक असला म्हणून भाषेची ओढ एक असेल असे नाही. वर्गात हजेरी घेताना आडनावावरून मुलाची भाषा ठरवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

एवढ्यात कोणी विचारील, की पारशी झाले, ख्रिस्ती झाले, पण ह्या जिल्ह्यात शंभरांत सुमारे सदतीस माणसे आदिवासी आहेत त्यांचे काय? वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर, दुबळा. वसईची रेल्वे त्यांच्याच जंगलातल्या लाकडावर उभी राहिली. १८६४ पासून मुंबईपर्यंत गाड्या धावू लागल्या. पण ह्या रेल्वेने इंग्रजी त्यांच्या पाड्यावर आणली नाही. पाड्यावर आला तो कागद.

कागद म्हणजे काय हे वारल्याला ठाऊक झाले होते. सावकाराच्या वहीतला आकडा, जमिनीचे खरेदीखत, खंडाची नोंद. कधी मोडीत, कधी गुजरातीत, कधी बालबोधीत. लिपी कोणतीही असो, वारल्याचा त्यातला भाग एकच: अंगठा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी जन्मभर मालकाकडे राबायचे, ह्या लग्नगड्याच्या चालीला कागदाचा आधार होता, आणि तो कागद वाचणारा माणूस मालकाच्या बाजूचा होता.

१९३९ साली डी. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याचा मुंबई इलाख्यातील आदिवासींवरचा अहवाल निघाला. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांवरचा जुलूम, वेठ, कर्जाचा विळखा हे सारे त्याने नोंदले. माणूस तळमळीचा असावा. पण तो अहवाल इंग्रजीत. ज्यांच्या पाठीवरचे वळ त्यात मोजले होते त्यांना तो वाचता येणे शक्य नव्हते. आपल्याबद्दल काय लिहिले आहे, खरे की खोटे, हे सांगणेही शक्य नव्हते. मघाच्या विकाजींची आठवण करा. सावकाराचे गाऱ्हाणे इंग्रजीत गेले, तसे ऋणकोचेही इंग्रजीतच गेले. फरक एवढाच, की सावकाराने आपले गाऱ्हाणे स्वतः लिहवून घेतले. वारल्याचे दुसऱ्याने लिहिले.

१९४५ साली वारली उठला. त्या वर्षीच्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेची मोठी सभा झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर ह्यांनी वेठ मोडायला सांगितली, आणि वेठ मोडली. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती पडले. गोदावरीबाईंनी हा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात लिहिला आहे. शिक्षकांनी तो मुळातून वाचावा.

त्याच वर्षी, त्याच भागात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे दोघींनी कोसबादच्या टेकडीवर मुक्काम हलवला. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात. तर शाळाच कुरणावर न्यावी! ही कुरणशाळा. तेथे त्यांना एक गोष्ट उमगली, ती आपल्याला अजून नीट उमगलेली नाही. वारली मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी ही परकी भाषा आहे. आपण म्हणतो, मूल आधी मातृभाषेत शिकते आणि मग इंग्रजीचे ओझे येते. वारली मुलाच्या बाबतीत ओझे पहिल्या दिवशीच आलेले असते. आपली मराठीच ती!

ह्यातून एक विचित्र गोष्ट घडते. ज्याला पुणेरी मराठी आणि इंग्रजी दोन्ही परक्या, तो मनात म्हणतो, परकीच शिकायची तर जिला जास्त मान आहे तीच का शिकू नये? ह्याला आपण इंग्रजीचे वेड म्हणून हसतो. मला तर हा साधा हिशोब वाटतो. आणि हा हिशोब नवाही नाही. सावित्रीबाई फुले ह्यांनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’मध्ये एका कवितेला ‘इंग्रजी माऊली’ असे नाव दिले. ज्यांना गावच्या भाषेतच अपमान ऐकावा लागला, त्यांना दूरची भाषा मायेची वाटली, ह्यात नवल ते काय?

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. ह्याच खेरांनी १९४० साली ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले होते, तेव्हा त्यांची आदिवासींविषयीची कळकळ खरी होती. त्यांच्या काळात मुंबई राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून शिकवावी असे ठरले. हेतू चांगला होता: लहान मुलाचा पाया मातृभाषेत पक्का व्हावा. पण पालघर, डहाणू, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवरून त्या वेळी आठवीपर्यंत पोचणारा मुलगा किती जणांनी पाहिला होता? ज्याला आठवी नाही त्याला इंग्रजी नाही, असा त्याचा अर्थ झाला. शहरातल्या सुखवस्तूंना मात्र इंग्रजी माध्यमाच्या शाळा मोकळ्या होत्या. १९५४ च्या जानेवारीत सरकारने हुकूम काढला, की अशा शाळांत अँग्लो-इंडियन आणि परदेशी वंशाच्या मुलांखेरीज नवीन कोणाला घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. दाद मागणाऱ्यांत एक भारतीय ख्रिस्ती पालक होता, आपली मातृभाषाच इंग्रजी आहे असे सांगणारा. दुसरा गुजराती हिंदू. त्याच वर्षी मे महिन्यात कोर्टाने हुकूम रद्द ठरवला. कोर्टात जाऊ शकणाऱ्यांची दारे उघडी राहिली, ह्याचा मला आनंदच आहे. कोर्टात न जाऊ शकणाऱ्यांची वाट पुष्कळ वर्षे अडली. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली.

मधल्या काळात तारापूर बदलून गेले. १९६९ च्या ऑक्टोबरात देशातले पहिले अणुवीज केंद्र येथे सुरू झाले. अमेरिकन कंपनीने बांधलेल्या दोन भट्ट्या, आणि त्यांच्यासाठी देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेले इंजिनियर आणि तंत्रज्ञ. तमिळ, मल्याळी, बंगाली, पंजाबी. त्यांच्या मुलांसाठी केंद्रीय धर्तीची इंग्रजी शाळा. ह्या मुलांना इंग्रजी का हवी हे विचारायची गरजच नव्हती: बापाची बदली राजस्थानात झाली किंवा मद्रासकडे झाली, तर सोबत नेता येईल अशी भाषा तेवढी एकच. महाराष्ट्रात ही माणसे अल्पसंख्य. पण त्यांची इंग्रजी भीतीतून आलेली नव्हती, पेटीत भरून नेण्याच्या सामानासारखी होती. कुंपणाबाहेरच्या गावातली मुले ही वसाहत पाहत वाढली. इंग्रजी बोलणारी माणसे गोरी नसतात, आपल्यासारखीच सावळी असतात, हे त्यांना तेथे दिसले. हा धडा कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हता.

पुढे औद्योगिक वसाहत आली. रसायने, औषधे, पोलाद, कापड. आणि पिंपांवर चिकटवलेले कागद: कशाला हात लावू नये, कशाजवळ विडी पेटवू नये, डोळ्यांत उडाले तर काय करावे. हे बहुतेक इंग्रजीत असते. उचलणारा कंत्राटी मजूर बिहारचा असतो, ओडिशाचा असतो, नाहीतर जवळच्या पाड्यावरचा वारली असतो. तारापूरला आग आणि स्फोट नवीन नाहीत.

भाषाशिक्षणाचे पंडित काय म्हणतात तेही पाहू. कॅनडात गार्डनर आणि लॅम्बर्ट ह्या दोघांनी १९५९ साली माँट्रियलच्या इंग्रजी मुलांना फ्रेंच का येते ह्याचा शोध घेतला. त्यांनी दोन प्रेरणा मानल्या: एक उपयोगाची, दुसरी त्या भाषेच्या लोकांत मिसळण्याची, आणि दुसरी त्यांना अधिक फळणारी दिसली. १९७२ साली यास्मीन लुकमानी ह्या विदुषींनी मुंबईतल्या साठ मराठी शाळकरी मुलींना हेच विचारले. उत्तर उलटे आले. ह्या मुलींना इंग्रजी बोलणाऱ्यांसारखे व्हायचे नव्हते. त्यांना आपल्याच माणसांत राहून इंग्रजीचा उपयोग करायचा होता, आणि ज्यांची उपयोगाची ओढ अधिक, त्यांची इंग्रजीही अधिक चांगली होती. मराठी घरांतला हा अभ्यास जगभर वाचला गेला, आपल्याकडे फारसा नाही.

पण मला वाटते, आपल्या जिल्ह्याने ह्या दोन्हींत एका तिसऱ्या प्रेरणेची भर घातली आहे. फसू नये म्हणून शिकणे. मिळवण्यासाठी नाही, मिसळण्यासाठीही नाही; समोरच्याने पुढे केलेला कागद स्वतः वाचता यावा म्हणून.

आता माझी चूक सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी एक वारली मुलगा माझ्या वर्गात होता. आदिवासी मुलांना नावाजलेल्या इंग्रजी निवासी शाळांत घालण्याची सरकारची योजना आहे. त्यातून तो लहानपणी दूरच्या एका शाळेत गेला आणि आठवीनंतर परत आला. त्याची इंग्रजी कच्ची, मराठीचे शुद्धलेखन कच्चे, आणि वारली बोलायचे तर पाड्यावरची मुले त्याला हसत. इंग्रजीत दोनदा नापास झाला. मी मोठ्या मायेने सांगितले, “अरे, तुला इंग्रजी कशाला हवी? मराठी पक्की कर, पोलीसभरतीची तयारी कर.” तो म्हणाला, “बरं सर.” पुढच्या सत्राला आला नाही. नंतर कळले, बाप ज्या कारखान्यात रोजंदारीवर होता तेथल्या नुकसानभरपाईच्या कागदावर बापाने न वाचता सही केली होती. कागद इंग्रजीत होता. तो कागद वाचता यावा एवढ्यासाठी मुलगा इंग्रजीच्या मागे लागला होता. मी त्याला कधी विचारलेच नव्हते. भरती होणारा तरुण एवढेच मी त्याच्यात पाहिले.

तेव्हापासून मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात मुलांना एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायला सांगतो: तुम्हाला इंग्रजीतले नेमके काय वाचायचे आहे? भाषा कोणतीही चालेल, नाव नको. चिठ्ठ्या मजेशीर असतात. एकाला मोबाईलचे करार वाचायचे आहेत. एका वारली चित्रकाराच्या मुलीला परदेशी गिऱ्हाईक चित्राखाली काय लिहिते ते कळायला हवे आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे ह्यांची चित्रे शाळेचे तोंडही न पाहता युरोपात पोचली, पण चित्राची किंमत लिहिणारा हात दुसऱ्याचा असतो, असे तिने लिहिले होते. उत्तरेकडच्या एका कामगाराच्या मुलाने लिहिले, “पिंपावरचा कागद.” दोनच शब्द. शिक्षकमित्रहो, हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. खडू-फळ्याखेरीज त्याला काही लागत नाही, आणि पुढचे वर्षभर उदाहरणे कोठून आणायची हा प्रश्न सुटतो.

गेल्या काही वर्षांत किनाऱ्यावरच्या गावांतून चिठ्ठ्यांमध्ये एकच विषय वारंवार येतो. वाढवणला मोठे बंदर होत आहे. २०२४ च्या जानेवारीत त्याची जनसुनावणी झाली, ऑगस्टच्या ३० तारखेला पालघरात पायाभरणी झाली. बंदर व्हावे की होऊ नये, ह्यावर घराघरांत दोन मते आहेत आणि तो ह्या भाषणाचा विषय नाही. पण अशा प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालाचा स्थानिक भाषेत सारांश द्यावा असा २००६ सालचा नियम आहे; मूळ अहवाल शेकडो पानांचा, तो इंग्रजीत असतो. एका मांगेला मुलीने चिठ्ठीत लिहिले, “सारांश वाचला. सारांशात जे नाही ते वाचायचे आहे.”

ही चिठ्ठी कोणाची हे मला कळायला नको होते, पण रविवारी ती स्वतःच घरी आली. फोनवर अहवालाचे एक पान उघडून धरले. मासेमारीच्या जागांबद्दलचे पान. मी इतिहासाचा माणूस, मलाही ते जड जात होते. ‘मिटिगेशन’ ह्या शब्दावर दोघेही अडलो, शब्दकोश काढला. नुकसान कमी करण्याचे उपाय, असा अर्थ निघाला. ती म्हणाली, “कमी करणार म्हणजे होणार हे धरूनच चाललेत की, सर.” त्या एका पानावर दोन तास गेले. पुढच्या रविवारी ती आणखी दोघींना घेऊन आली, आणि त्यांतल्या एकीने येताना वही आणि मोठा शब्दकोश आणला होता.